शेतकरी कुटुंबाने बँकेचे कार्ड कोणते घ्यावे?

शेतमालाचा पैसा रोख हाती पडण्याचे दिवस बऱ्याच अंशी मागे पडले आहेत. उसाचे बिल साखर कारखाना खात्यात भरतो, दुधाचा पगार संस्था खात्यात जमा करते, आणि पीकविम्याची भरपाई व प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाकाठी तीन हप्त्यांनी मिळणारे ६,००० रुपये हेही खात्यातच येतात. खात्यातील हा पैसा घरात आणण्याचे नित्याचे साधन म्हणजे बँकेचे डेबिट कार्ड होय. असे असूनही, बियाणे घेताना वाणाचे नाव, उगवणशक्तीची टक्केवारी आणि पिशवीवरील तारीख तीनतीनदा वाचणारा शेतकरी बँकेच्या खिडकीपाशी मात्र अर्जातील कार्डाच्या रकान्यात काय भरले आहे हे न पाहता सही करून मोकळा होतो, असे पुष्कळदा आढळते. पुढे वर्षअखेरीस पासबुकात कसली तरी कपात दिसते. ती कशाची, हे विचारण्यास कोणी जात नाही.

कार्डे सर्व सारखीच, असा यामागे समज असतो. रंग व अक्षरे सोडली तर ती दिसतात सारखी, हेही खरे. परंतु त्यांच्या मागचे खाते, वार्षिक आकार, पैसे काढण्याची मर्यादा आणि विम्याच्या अटी यांत मोठा फरक असतो. कार्ड निवडणे म्हणजे वास्तविक या चार गोष्टी निवडणे होय.

कार्ड कोणत्या पैशाचे?

पहिली व सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, कार्ड स्वतःच्या शिलकेवर चालते की कर्जावर, हे ओळखता आले पाहिजे. बचत खात्याच्या डेबिट कार्डाने शेतकरी स्वतःचे पैसे काढतो. खात्यात ३,००० रुपये असतील तर ३,००० पर्यंतच रक्कम मिळते, आणि ती काढल्याने कोणाचे देणे होत नाही. किसान क्रेडिट कार्डाची गोष्ट निराळी आहे. ही योजना १९९८ साली सुरू झाली. आरंभी कार्ड म्हणजे एक पुस्तिकाच असे. २०१२ मध्ये योजनेत सुधारणा होऊन एटीएम यंत्रात चालणारे कार्ड देण्याची व्यवस्था झाली, व पुढे ‘रुपे किसान कार्ड’ या नावाने ते घरोघर पोहोचले. हे कार्डही त्याच यंत्रात त्याच रीतीने घालावयाचे असते आणि त्यालाही चार अंकी पिन असतो. परंतु यंत्रातून बाहेर येणारी प्रत्येक नोट ही पीककर्जाची उचल असते आणि तीवर त्याच दिवसापासून व्याज सुरू होते.

दोन्ही कार्डे एकाच पिशवीत ठेवल्याने बाजाराच्या दिवशी किराण्यासाठी म्हणून काढलेली रक्कम पीककर्जातून गेली, असा घोटाळा होणे अगदी सोपे आहे. म्हणून किसान कार्डाच्या पाकिटावर ‘पीककर्ज’ असे ठळक अक्षरांत लिहिलेली कागदी पट्टी चिकटवावी. वाचता न येणाऱ्यांच्या घरी त्या पाकिटास लाल दोरा बांधला तरी काम भागते.

किसान कार्डाचा खरा फायदा पुष्कळांना ठाऊक नसतो. मंजूर मर्यादेपैकी जेवढी रक्कम उचलली तेवढ्यावरच व्याज लागते. तरीही कर्ज मंजूर होताच सर्व रक्कम एकदम काढून बचत खात्यात ठेवण्याची रीत अनेक गावी आहे. समजा, एका शेतकऱ्यास ६०,००० रुपयांची मर्यादा मंजूर झाली. पेरणीसाठी त्यास जूनमध्ये ३०,००० लागतात व उरलेले ३०,००० फवारणी व काढणीसाठी सप्टेंबरात लागतात. सर्व रक्कम जूनमध्येच काढल्यास नंतरच्या ३०,००० रुपयांवर तीन महिन्यांचे व्याज, दरसाल ७ टक्के दराने, ५२५ रुपये होते. केंद्र शासनाच्या व्याजसवलत योजनेखाली मुदतीत परतफेड करणाऱ्यास ३ टक्के सूट मिळते. ती जमेस धरली तरी ३०० रुपये द्यावे लागतात. बचत खात्यात तीच रक्कम अडीच टक्के दराने तीन महिन्यांत १८७ रुपये ५० पैसे मिळवून देईल. म्हणजे पैसा जागेवरच पडून राहिला आणि तोटा मात्र झाला. कार्ड हाती असल्यावर गरजेपुरती रक्कम गरजेच्या दिवशी काढता येते, यासाठीच ते दिलेले आहे.

प्रधानमंत्री जनधन खात्यावरही पात्र खातेदारास १०,००० रुपयांपर्यंत जादा उचल मिळू शकते. तीसुद्धा कर्जच होय, अनुदान नव्हे. तिची मागणी करण्यापूर्वी ती कशातून फेडणार याचा विचार झाला पाहिजे.

खाते आधी, कार्ड मागाहून

रोजच्या व्यवहाराचे कार्ड बचत खात्याशी जोडलेले असते. त्यामुळे खात्याचा प्रकार ठरला की अर्धी निवड झाली. बँकांची बचत खाती मुख्यतः दोन प्रकारची समजावीत. एक सर्वसाधारण बचत खाते. यात अनेक बँका किमान शिलकेची अट घालतात व कार्डावर वार्षिक आकार घेतात. दुसरे मूलभूत बचत खाते, ज्यास बोलीभाषेत शून्य शिलकेचे खाते म्हणतात. २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या जनधन योजनेतील खाती याच प्रकारची आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार या खात्यास किमान शिलकेची अट नाही, कार्ड विनाशुल्क मिळते, रक्कम कितीही वेळा जमा करता येते, आणि महिन्यातून निदान चार वेळा पैसे काढणे विनाशुल्क असते.

हे खाते केवळ जनधन योजनेच्या शिबिरातच उघडता येते, किंवा ते फक्त दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी आहे, असा गैरसमज आहे. ते कोणासही मागता येते. ज्याचे सर्वसाधारण बचत खाते आधीपासून आहे, त्यानेही लेखी अर्ज करून ते मूलभूत खात्यात बदलून घ्यावे. एकाच बँकेत मूलभूत खाते व दुसरे बचत खाते अशी दोन्ही मात्र ठेवता येत नाहीत.

या खात्याची एक अडचण लपवून ठेवणे योग्य होणार नाही. महिन्यातून चार वेळा ही मर्यादा आठवडी बाजाराच्या हिशेबाने पाहिली तर जेमतेम पुरते, आणि ज्या महिन्यात बाजाराचे पाच दिवस येतात त्या महिन्यात एकदा कमी पडते. बँक त्याहून अधिक वेळा विनाशुल्क देते की आकार लावते, हे शाखेत विचारून घ्यावे. घरखर्चाची रक्कम दर आठवड्यास थोडी थोडी काढण्याऐवजी पंधरवड्याची एकदम काढली तर हा प्रश्न बहुतेक घरी उरत नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. पुरेशी ओळखपत्रे न देता, केवळ छायाचित्र व सहीवर उघडलेली काही खाती ‘लहान खाती’ म्हणून नोंदलेली असतात. अशा खात्यात एका वेळी ५०,००० रुपयांहून अधिक शिल्लक ठेवता येत नाही, वर्षभरात एकूण १ लाखाहून अधिक रक्कम जमा होऊ शकत नाही, आणि महिन्यास १०,००० रुपयांहून अधिक काढता येत नाही. समजा, औसा तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याने लातूरच्या बाजार समितीत सोयाबीन विकले आणि आडत्याने ७०,००० रुपयांची पट्टी अशा खात्यात पाठविली, तर ती रक्कम अडकून पडेल. रब्बीची पेरणी तोंडावर असताना हे घडणे किती त्रासाचे, हे सांगावयास नको. यास्तव सुगीपूर्वीच शाखेत जाऊन आपले खाते कोणत्या प्रकारचे आहे हे विचारावे व कागदपत्रे देऊन ते पूर्ण करून घ्यावे. कार्ड कोणते, हा प्रश्न त्यानंतरचा.

कार्डाचा खर्च

सर्वसाधारण खात्यावर बँका साध्या कार्डापासून उंची कार्डापर्यंत अनेक प्रकार देऊ करतात. समजा, एका कार्डाचा वार्षिक आकार २०० रुपये आहे. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळून २३६ रुपये होतात. घरात पती, पत्नी व मुलगा अशी तीन कार्डे असतील तर वर्षास ७०८ रुपये व पाच वर्षांत ३,५४० रुपये जातात. ही रक्कम कोणी हातातून देत नाही, ती खात्यातून आपोआप वजा होते, म्हणून जाणवत नाही.

या आकाराच्या बदल्यात काय मिळते, ते पाहणे उद्बोधक आहे. उंची कार्डावर दिवसाला अधिक रक्कम काढता येते, विम्याची रक्कम मोठी असते, निवडक दुकानांत सूट असते, आणि पुष्कळदा विमानतळावरील विश्रामकक्षात विनामूल्य बसण्याची सोय असते. करमाळ्याच्या ऊस उत्पादकास या शेवटच्या सोयीचा उपयोग कितपत होईल, ते त्याने स्वतःच ठरवावे. परंतु रोपवाटिका चालविणारा, दूध संकलन करणारा किंवा खताचे दुकान असलेला शेतकरी दररोज मोठ्या रकमेची उलाढाल करतो. त्यास मूलभूत खात्याची मर्यादा जाचक होईल. त्याने आकार देऊनही सर्वसाधारण खात्याचे कार्ड घेणे रास्त ठरते. मात्र त्या आकाराची पावती म्हणून कोणती सोय आपण प्रत्यक्ष वापरतो, हे त्याला सांगता आले पाहिजे.

परदेशांतही चालणारे कार्ड म्हणून काही कार्डे पुढे केली जातात. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१२ साली सुरू केलेले रुपे कार्ड देशातील एटीएम यंत्रांवर व दुकानांतील यंत्रांवर चालते. ज्याचे सर्व व्यवहार जिल्ह्यात होतात, त्यास त्याहून अधिक काही नको.

यंत्र कोठे आहे?

भारतात एटीएम यंत्र प्रथम मुंबईत १९८७ साली बसले. आज ते तालुक्याच्या गावी सर्वत्र आहे, परंतु खेड्यांत विरळच. म्हणून बँक व कार्ड ठरविताना, आपण नेहमी ज्या वाटेने जातो त्या वाटेवर कोणत्या बँकेचे यंत्र आहे, याचा विचार प्रथम झाला पाहिजे. स्वतःच्या बँकेच्या यंत्रावर बचत खातेदारास महिन्यात निदान ५ व्यवहार विनाशुल्क असतात. दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर मुंबईसारख्या सहा महानगरांत ३ व इतरत्र ५ व्यवहार विनाशुल्क असतात. त्यापुढील प्रत्येक व्यवहारास १ मे २०२५ पासून २३ रुपयांपर्यंत आकार व त्यावर कर, म्हणजे २७ रुपये १४ पैसे, बँक घेऊ शकते. मूलभूत खात्यास हे नियम लागू नसून त्याची वर सांगितलेली निराळी मर्यादा आहे.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. स्वतःच्या बँकेच्या यंत्रावर केवळ शिल्लक पाहिली तर तो व्यवहार मोजला जात नाही. दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर पाहिली तर मोजला जातो. पैसे जमा झाले की नाही हे पाहण्यासाठी दर दोन दिवसांनी दुसऱ्याच बँकेच्या यंत्रापाशी जाणारा शेतकरी एकही रुपया न काढता आपले पाच व्यवहार संपवितो. यंत्रात नोटा नसल्याने किंवा तांत्रिक बिघाडाने फसलेला व्यवहार मात्र मोजता येत नाही. खात्यात पुरेशी शिल्लक नसताना रक्कम मागितल्यास काही बँका दंड घेतात, म्हणून आधी मोबाइलवर आलेला संदेश पाहावा.

गावात बँक मित्र असेल तर कार्डावाचून अंगठ्याच्या ठशानेही पैसे मिळतात, व त्याच्याजवळील लहान यंत्रावर कार्डही चालते. बँक मित्रास त्याचा मोबदला बँक देते. खातेदाराकडून वेगळे पैसे घेण्याचा त्यास अधिकार नाही. प्रत्येक व्यवहाराची छापील पावती घ्यावी. ‘ठसा उमटला नाही, पुन्हा द्या’ असे तो म्हणाला तर पहिला व्यवहार फसल्याची पावती पाहिल्यावाचून दुसऱ्यांदा अंगठा लावू नये.

पेटीत ठेवलेले कार्ड

जनधन खात्याच्या रुपे कार्डावर अपघात विमा असतो. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांसाठी त्याची रक्कम २ लाख रुपये व त्यापूर्वीच्या खात्यांसाठी १ लाख रुपये आहे. यासाठी खातेदारास हप्ता भरावा लागत नाही. शेतीचा धंदा जोखमीचा. विहिरीत पाय घसरणे, पंपाच्या तारेचा धक्का बसणे, रात्री पाणी देऊन परतताना रस्त्यावर वाहनाची धडक बसणे, असे प्रसंग कोणत्याही गावास नवे नाहीत. कर्ता माणूस गेल्यावर ही रक्कम त्या घरास किती आधाराची होईल, हे उघड आहे.

परंतु या विम्यास एक अट आहे आणि तीच बहुसंख्य घरांत ठाऊक नसते. अपघाताच्या दिवसासह मागील ९० दिवसांत खातेदाराने निदान एक व्यवहार यशस्वीपणे केलेला असला पाहिजे. व्यवहार पैशाचाच असला पाहिजे असे नाही, शिल्लक पाहणेही चालते. अनुदानाची रक्कम शासनाने खात्यात जमा करणे हा मात्र खातेदाराने केलेला व्यवहार नव्हे. कार्ड हरवू नये म्हणून ते देवघराच्या फळीवर किंवा लोखंडी पेटीत कापडात गुंडाळून ठेवणारे शेतकरी व विशेषतः भगिनी यांची संख्या मोठी आहे. त्यांची काळजी समजण्यासारखी आहे. पण असे जपून ठेवलेले कार्ड विम्याच्या दृष्टीने नसल्यासारखेच. वर्षभर जपले आणि नेमके गरजेच्या वेळी उपयोगी पडले नाही, असे होते.

उपाय अवघड नाही. दर दुसऱ्या महिन्यात एक ठरावीक दिवस, जसे अमावस्येनंतरचा पहिला बाजार, नेमून त्या दिवशी घरातील प्रत्येक कार्ड एकदा यंत्रात घालून १०० किंवा ५०० रुपये काढावेत अथवा शिल्लक पाहावी. मिळालेली पावती पासबुकात ठेवावी. महिला बचत गटाच्या मासिक सभेत ही विचारपूस ठेवल्यास एकही कार्ड विसरले जाणार नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे काम अगत्याने करावे. वर्षभरातील इतर अनेक शिबिरांपेक्षा याचा उपयोग अधिक होईल.

घरातील दुसऱ्या जाणत्या माणसास कार्ड आहे व ते कोठे आहे, हे ठाऊक असावे. पिन सांगण्याची गरज नाही. खात्यावर वारसाची नोंद झाली आहे ना, हे पासबुकात पाहून घ्यावे. अपघात घडल्यास पोलिसांकडील नोंद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल व मृत्यूचा दाखला यांच्या प्रती जपून ठेवाव्यात आणि बँकेस विनाविलंब लेखी कळवावे. दुःखाच्या दिवसांत हे कोणास सुचत नाही. म्हणून हे काम शेजाऱ्याने किंवा गटसचिवाने अंगावर घेणे बरे.

कोणते व्यवहार चालू ठेवावेत?

रिझर्व्ह बँकेने २०२० साली काढलेल्या आदेशानुसार नवे कार्ड देशातील एटीएम यंत्रांवर व दुकानांतील यंत्रांवर वापरण्यापुरतेच चालू करून दिले जाते. इंटरनेटवरील खरेदी, परदेशातील वापर व यंत्रास नुसते टेकवून पैसे देणे या सोयी बंद असतात व खातेदाराने मागितल्यावरच चालू होतात. ज्यास त्यांची गरज नाही त्याने त्या बंदच राहू द्याव्यात. टेकवून दिलेली ५,००० रुपयांपर्यंतची रक्कम पिनशिवाय जाते, हे ध्यानात ठेवावे. हरवलेले कार्ड अशा रीतीने दुसऱ्याच्या हाती खर्च होऊ शकते. दिवसाला किती रक्कम काढता यावी ही मर्यादाही खातेदारास कमी करून घेता येते. एरवी १,००० ते २,००० काढणाऱ्याने ती ५,००० वर आणून ठेवली, तर चोरीच्या प्रसंगी नुकसान तेवढ्यावर थांबते. सुगीत ती पुन्हा वाढविता येते.

पिन व ताबा

कार्ड व पिन या दोन गोष्टी एकत्र आल्या की खाते उघडे पडते. यासाठी पिन कार्डाच्या पाकिटावर लिहू नये, यंत्रापाशी उभ्या असलेल्या अनोळखी मदतनिसास सांगू नये, आणि उधारीची हमी म्हणून कार्ड दुकानदाराकडे किंवा मुकादमाकडे ठेवू नये. ही शेवटची रीत सर्वांत घातक आहे. तीत मजुराची मजुरी त्याच्या हाती येण्यापूर्वीच दुसऱ्याच्या हाती जाते, आणि किती गेली याचा हिशेबही त्यास मिळत नाही.

ज्यांना यंत्र वापरता येत नाही असे वृद्ध शेतकरी नातवाच्या हाती कार्ड देतात. घरच्या माणसावर विश्वास असणे वावगे नव्हे, परंतु त्याहून सोईची वाट आहे. ‘दोघांपैकी कोणीही एक’ अशा अटीवर संयुक्त खाते उघडल्यास बँक दोघांनाही स्वतंत्र कार्ड व स्वतंत्र पिन देते. मग कोणी किती काढले हे स्वच्छ राहते. विधवा भगिनींनी मात्र स्वतःच्या एकटीच्या नावाचे खाते व कार्ड राखावे, हे अनेक कारणांनी इष्ट आहे.

कार्ड हरवल्यास किंवा न केलेल्या व्यवहाराचा संदेश आल्यास एक घटकाही दवडू नये. बँकेच्या दूरध्वनीवर कळवून कार्ड बंद करावे व तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावरही कळवावे. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमांनुसार, चूक बँकेची वा खातेदाराची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि ३ कामकाजाच्या दिवसांत कळविले असेल, तर खातेदारास काहीही सोसावे लागत नाही. चौथ्या ते सातव्या दिवशी कळविल्यास मूलभूत खात्यावर ५,००० व इतर बचत खात्यांवर १०,००० रुपयांपर्यंतचा भार त्याच्यावर येऊ शकतो. परंतु पिन किंवा मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक त्यानेच कोणास सांगितला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे सर्व नुकसान त्याचेच. बँकेचा कोणताही अधिकारी हे क्रमांक विचारीत नाही. जो विचारतो तो अधिकारी नव्हे.

यंत्रातून पैसे न आल्यास

खात्यातून रक्कम वजा झाली पण नोटा बाहेर आल्या नाहीत, ही तक्रार नित्याची आहे. अशा वेळी बहुतेक लोक यंत्रावर हात आपटतात व नशिबास दोष देऊन घरी जातात. वास्तविक नियम स्पष्ट आहे. व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ती रक्कम खात्यात परत जमा झाली पाहिजे. त्याहून उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपयांप्रमाणे भरपाई बँकेने स्वतःहून द्यावयाची असते, मग यंत्र कोणत्याही बँकेचे असो. पावती जपून ठेवावी. पावतीही न आल्यास यंत्राचे ठिकाण, तारीख, वेळ व रक्कम तेथेच कागदावर टिपून ठेवावी. तक्रार ज्या बँकेचे यंत्र आहे तिच्याकडे नव्हे, तर जिचे कार्ड आहे तिच्याकडे करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही व वकीलही लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर यासंबंधी माहिती मिळते.

कृषी सेवा केंद्रातील दोन यंत्रे

खताच्या दुकानात गेलेल्या शेतकऱ्यास आज दोन यंत्रे दिसतात, आणि त्यांचा घोळ होतो. एका यंत्रावर आधार क्रमांक व अंगठा घेतला जातो. ते अनुदानित खत कोणास किती विकले, याची नोंद ठेवण्याचे यंत्र आहे. त्यावर अंगठा लावल्याने खात्यातून पैसे जात नाहीत. पैसे देण्याचे यंत्र निराळे असून त्यात कार्ड घालावे लागते व पिन दाबावा लागतो. पिन दाबण्यापूर्वी पडद्यावरील रक्कम स्वतः वाचावी, किंवा सोबतच्या माणसाकडून वाचून घ्यावी. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्डाने स्वीकारलेल्या रकमेवर दुकानदारास बँकेचा आकार द्यावा लागत नाही. म्हणून ‘कार्डाने दिले तर शेकडा दोन रुपये जास्त’ ही मागणी रुपे कार्डाच्या बाबतीत अयोग्य समजावी.

मोबाइलवरून पैसे देण्याची रीत २०१६ पासून आली व खेड्यांतही रुळली. ज्यांच्याजवळ असा फोन आहे त्यांना कार्डाची गरज पूर्वीइतकी वाटत नाही. तरी फोन बिघडणे, हरवणे किंवा शिवारात त्यास संपर्क न मिळणे हे नेहमीचेच. फोनवरील ही सोय प्रथम सुरू करतानाही पुष्कळदा कार्डावरील क्रमांक व मुदतीचा महिना विचारला जातो. निदान एक कार्ड घरात चालू स्थितीत असावे.

अर्ज करताना

एवढे ध्यानी आल्यावर बँकेच्या खिडकीपाशी विचारावयाचे प्रश्न थोडकेच राहतात. हे खाते मूलभूत आहे की सर्वसाधारण? या कार्डाचा पहिल्या वर्षी व त्यापुढे दर वर्षी आकार किती, करासह? महिन्यात किती वेळा विनाशुल्क पैसे काढता येतील? विमा आहे का, व त्याची अट काय? उत्तरे अर्जाच्या प्रतीवरच लिहून घ्यावीत. ‘पहिले वर्ष विनामूल्य’ असे सांगितले जाते तेव्हा दुसऱ्या वर्षाचे विचारण्यास संकोच करू नये. सामान्य शेतकरी कुटुंबास मूलभूत खात्यावरील साधे रुपे कार्ड रोजच्या व्यवहारासाठी, आणि पीककर्ज असल्यास किसान कार्ड केवळ शेतीच्या खर्चासाठी, एवढी दोन कार्डे पुरतात.

घरात जुनी, न वापरलेली कार्डे असतील तर त्यांचीही निरवानिरव करावी. कार्ड नुसते मोडून टाकल्याने त्याचा वार्षिक आकार थांबत नाही. शाखेत लेखी अर्ज द्यावा, ‘कार्ड बंद केले’ अशी नोंद असलेली पोच घ्यावी, आणि मग कार्डावरील चिप व काळी पट्टी यांतून आडवी कात्री चालवावी. पुढील महिन्यात पासबुक भरून घेताना त्या कार्डाची कपात पुन्हा आली नाही ना, हे पाहावे. आली असल्यास तीच पोच दाखवून रक्कम परत मागावी.